ताशी त्रेचाळीस, विनापरवाना

१

“ज्याला चाक आहे त्याला कायदा आहे, आणि कायद्याच्या पुढं पळेल असं चाक अजून या पृथ्वीवर जन्माला यायचंय!”

मोटार वाहन निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या लालासाहेब निकमांनी हे वाक्य धामणखिंड चौकीच्या पायरीवर उभं राहून, एक हात हवेत धरून उच्चारलं. ऐकायला फौजदार संयोगिता होती, हवालदार कोंडीबा होता आणि पायरीवर झोपलेलं एक कुत्रं होतं. कुत्र्यानं डोळे उघडले नाहीत.

“काका, स्कूटर कुठं लावलीत?” संयोगितानं विचारलं. ती त्यांच्या जुन्या मित्राची मुलगी, त्यामुळं हवेतल्या हाताचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे.

लालासाहेबांनी हात खाली घेतला. “एसटीनं आलो.”

त्याचं असं झालं होतं, की ज्या माणसानं अर्ध्या सातारा जिल्ह्याला परवाने दिले, त्याचाच परवाना संपून तीन महिने झाले होते. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरनं त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि तिसऱ्या ओळीत लालासाहेब अडकले ते अडकलेच. जवळचं त्यांना मुंगीच्या पायापर्यंत दिसे. लांबचं मात्र म्हैस की मोटार, हे ती अंगावर आल्यावरच कळे.

“बोल,” ते म्हणाले. “फोनवर नीट सांगितलं नाहीस.”

“नीट सांगण्यासारखं नाहीच ते,” संयोगिता म्हणाली. “खिंडीच्या पलीकडं बोरजाईवाडीत बनुबाई म्हणून आहे. वय बासष्ट. रोज लोणंदच्या कारखान्यांतल्या बावीस कामगारांचे डबे घेऊन खिंड चढून येते. तिच्या पोरानं तिला सायकलला बॅटरीची मोटार बसवून दिलीय. आठवड्यापूर्वी लेखी तक्रार आली, की ही मोटार नियमातली नाही. म्हणून काल मी खिंडीच्या पायथ्याला, सपाटी सुरू होते तिथं, स्पीडगन लावली.”

“मग?”

संयोगितानं कागद पुढं केला. लालासाहेबांनी तो नाकापाशी नेला आणि त्यांच्या भुवया कपाळाच्या वरपर्यंत गेल्या.

“त्रेचाळीस?”

“ताशी त्रेचाळीस.”

कोंडीबाला राहवलं नाही. “सायेब, वारं गेलं वारं! आदी बाई गेली, मग डब्यांचा आवाज आला. म्या शिट्टी मारली ती तिला ऐकू गेली आन् ती आपनहून माघारी आली, म्हून घावली. न्हायतर आपल्या जीपला न्हवती घावत.”

“आणि खरंच घावली नसती,” संयोगिता खालच्या आवाजात म्हणाली. “सायकल जप्त केली, पण बावीस माणसं उपाशी कशी ठेवायची? म्हणून डबे आमच्या जीपनं पाठवले. कामगारांनी तक्रार केली, की आज डबे उशिरा आले.”

लालासाहेबांनी कागद पुन्हा नाकापाशी नेला. चौतीस वर्षांत त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं.

“आज सकाळी मोटार तपासायची म्हणून बॅटरीची पेटी उघडली,” संयोगिता पुढं म्हणाली. “पेटीला कुलूप होतं. किल्ली रात्रभर कोंडीबाच्या करगोट्याला होती. चौकीला कुलूप होतं. आणि पंचनाम्यात स्पष्ट लिहिलंय, सायकल बॅटरीसह ताब्यात घेतली.”

“आणि पेटी?”

“रिकामी.”

कोंडीबानं घसा खाकरला. “अगदीच रिकामी न्हाई, सायेब. आत मुंग्या हायत.”

२

सायकल चौकीच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली होती. हिरवी, जाड नळ्यांची, मागं डब्यांसाठी लोखंडी जाळी. मागच्या चाकाच्या मध्यावर पितळी पातेल्याएवढी मोटार. दांडीवर काळी पेटी, आणि दाराच्या उंबऱ्यापासून त्या पेटीपर्यंत मुंग्यांची एक शिस्तबद्ध ओळ.

लालासाहेबांनी खिशातून भिंग काढलं. याच भिंगानं त्यांनी आयुष्यभर इंजिनांवरचे खोडलेले नंबर वाचले होते. ते खाली बसले, गुडघे वाजले, आणि पुढची दहा मिनिटं ते बोलले नाहीत. आधी मोटारीवरचा शिक्का पाहिला. मग हँडलची, पीळ देऊन वेग वाढवायची मूठ पाहिली. मग पायडल. मग पेटीत डोकं घालून, मोटारीकडं जाणाऱ्या वायरीचं टोक पाहिलं, आणि तिथं ते इतका वेळ थांबले, की कोंडीबाला वाटलं सायबांना डुलकी लागली.

“कोंडीबा,” पेटीतूनच आवाज आला, “आत गूळ आहे.”

“आसंल सायेब. मुंग्यांनी आनला आसंल.”

“मुंग्या गूळ नेतात, आणत नाहीत.”

ते उठले. चेहऱ्यावर काहीतरी होतं. देवळात गाभाऱ्याचं दार अचानक उघडं दिसलं की माणसाच्या चेहऱ्यावर येतं, तसं काहीतरी.

“मोटार कशी आहे, काका?”

“शिक्क्याप्रमाणं अडीचशे वॅटच्या आतली. नियमातली.” आणि लालासाहेब वर्गात शिकवल्यासारखे बोलू लागले. “कायदा सोपा आहे. मोटार अडीचशे वॅटच्या आत, वजन बॅटरी सोडून साठ किलोच्या आत, आणि मोटारीच्या जोरावरचा वेग पंचवीसच्या आत. या तिन्हीत बसलं, तर ते मोटार वाहनच नव्हे. परवाना नको, नंबर नको, विमा नको. पण एकात जरी बाहेर गेलं, तर सगळंच पाहिजे. आणि घरी बसवलेल्या मोटारीला कंपनीचा दाखला नसतो. दाखल्याविना नंबर नाही, नंबराविना रस्ता नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे भंगार.”

“आणि मुद्देमाल चौकीतनं गेला म्हणून कोंडीबा निलंबित,” संयोगिता म्हणाली. “बॅटरीशिवाय मोटार चालवून बघता येत नाही. तिचा पोरगा ऋषिराज पाच वाजता पुण्याहून येतोय. त्याला काय सांगायचं ते मला पाचच्या आत कळलं पाहिजे.”

लालासाहेबांनी पंचनामा मागितला. वाचला. मग पुन्हा वाचला.

“कोंडीबा, सायकलीचा रंग कुठला?”

“हिरवा की, सायेब.”

“इथं काळा लिहिलाय.”

कोंडीबानं छताकडं पाहिलं. छतावर उत्तर नव्हतं.

मग लालासाहेबांनी तक्रारीचा कागद मागितला. तक्रारदार वीरधवल, लोणंद रस्त्यावरच्या बॅटरीच्या गाड्यांच्या दुकानाचा मालक. कागद वाचता वाचता एका ओळीवर त्यांचं भिंग थांबलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

“काय सापडलं?” संयोगितानं विचारलं.

“एक गुन्हेगार,” लालासाहेब म्हणाले. “पण तो दुसऱ्याच गुन्ह्याचा. जीप काढ.”

३

वीरधवलच्या दुकानाच्या काचेवर तीन फुटी अक्षरात लिहिलं होतं: ‘परवाना नको! नंबर नको! घ्या आणि पळवा!’ खुद्द वीरधवल तिशीतला, दाढी कोरलेला, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा.

“या या, सायेब! बसा.” त्यानं खुर्ची पुसली. “आवं, म्या काय वैर म्हून तक्रार केली न्हाई. लोकांच्या जिवाचा प्रश्न हाय. रसूल मिस्त्री बोरजाईवाडीत बसून सायकलींना कसल्या बी मोटारी लावतोय. वरनं शिक्का अडीचशेचा, आतनं हजाराची. चौकीतनं बॅटरी गेली म्हनं, ती पन त्येनंच उचलली आसनार. बॅटरी गेली की पुरावा गेला.”

“रसूलकडं गिऱ्हाईक फार आहे वाटतं?”

“हाय थोडं.” चेहरा आंबट झाला.

“तुम्ही बनुबाईंना स्वतः पाहिलंत?”

“पाह्यलं म्हंजे? रोज! माझी दुकानाची गाडी घिऊन म्या खिंडीतनं येतो. एक दिवस बाई शेजारनं गेली. बरं, गेली ती गेली, जाताना ‘सांबाळून, लेकरा’ म्हनाली. लेकरा! फुडं चार पोरं हुबी हुती. त्यांनी ऐकलं.” त्यानं वरचा चष्मा खाली घेतला आणि खालचा वर. “लय अपमान झाला, सायेब.”

“कुठली गाडी तुमची?”

“ही काय.” दारात एक चकचकीत बॅटरीची स्कूटर उभी होती. नंबरपाटीच्या जागी दुकानाचं नाव होतं.

“सुंदर आहे. हिला परवाना लागत नाही ना?”

“न्हाई की! पंचविसाच्या फुडं जातच न्हाई.”

“वा,” लालासाहेब म्हणाले. “पाच वाजता चौकीवर या. गाडी घेऊनच या.”

जीप रस्त्याला लागल्यावर संयोगितानं विचारलं, “यानंच चोरली असेल का, काका?”

“तो बॅटरी विकतो. चोरून काय करील?” लालासाहेब लांबच्या खिंडीकडं पाहत म्हणाले. त्यांना तिथं फक्त एक जांभळा डाग दिसत होता. “आणि चोरीला जायला आधी वस्तू असावी लागते.”

संयोगितानं इतका करकचून ब्रेक दाबला की मागचं एक भाजीचं पिकअप त्यांच्या नावानं ओरडत गेलं.

४

बोरजाईवाडीत दहा ते दोन वीज नसते. लालासाहेब पोचले तेव्हा बारा वाजले होते. रसूल मिस्त्रीच्या दुकानात पंखा स्थिर होता, दिवा बंद होता, रेडिओ मुका होता. रसूल पन्नाशीचा, हातांवर कायमचं ग्रीस, बोलायला शांत.

“मोटार म्या बसवली, सायेब. अडीचशेच्या आतलीच. खोला, बघा. पंचविसाला पोचली की आपोआप सुटती, फुडं वढत न्हाई. ती सोय म्या काडली न्हाई. काडा म्हननारी गिऱ्हाइकं येत्यात, त्यास्नी म्या चहा पाजून माघारी धाडतो.”

“आणि बॅटरी कुठंय?”

रसूलनं पाना फडक्यानं पुसला. पाना आधीच स्वच्छ होता. “मला काय म्हाईत.”

नेमकं तेव्हा लालासाहेबांनी बोट वर केलं. “ऐक, संयोगिता.”

दुकानामागच्या घरातून एक बारीक, एकसारखा आवाज येत होता. घुर्र. घुर्र. गावात वीज नव्हती, आणि भिंतीपलीकडं काहीतरी विजेवर चाललं होतं.

रसूल दाराच्या आडवा आला. तो धिप्पाड नव्हता, पण दारात आडवा आलेला मुलगा कुठलाही धिप्पाडच दिसतो. “आत माझी म्हातारी निजलीया, सायेब. तिला तरास नका दिऊ.”

“कोन हाय रं?” आतून धापा टाकत आवाज आला. “रसूल, पावन्यास्नी दारात का हुबं केलंयास?”

रसूल बाजूला झाला. आत खाटेवर अख्तरबी बसली होती. सत्तरीची, तोंडावर वाफेचा पारदर्शक पेला. त्याची नळी एका डबीएवढ्या यंत्राला, यंत्राची वायर इन्व्हर्टरच्या एका खोक्याला, आणि त्या खोक्याला जोडलेली काळी, लांबट, वर मूठ असलेली…

“बॅटरी!” संयोगिता म्हणाली. “काका, चौकीतली बॅटरी!”

“चौकीत कधी नव्हतीच ती,” लालासाहेब म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली आणि म्हातारीला विचारलं, “कधीपासून आहे ही इथं, आजी?”

अख्तरबीनं पेला बाजूला केला. “आखाडापासनं. ह्या वाफंच्या मिशनीची बॅटरी बसली तवा बनुनं आपली काडून दिली. रसूलनं म्हैन्याभरात दुसरी आनली, ही परत द्यायला गेला, तर…” तिला धाप लागली.

“तर?”

“घिईना!” रसूल म्हणाला. “म्हनाली, ऱ्हाऊ दे तिकडंच, दुसरी गिऱ्हाइकाला इक. म्या म्हनलं, मावशी, खिंड हाय, वय हाय. तर म्हनली, आरं, ती तुजी मोटार पंचविसाला पोचली की हात काडून घेती. कुनीतरी मागनं पदर धरल्यागत वाटतंय. म्या माजी मोकळीच बरी.”

लालासाहेबांनी सावकाश टोपी घातली, आणि पुन्हा काढली.

५

बनुबाई अंगणात डबे घासत होती. बुटकी, कोरडी, कासोटा घातलेली. चेहऱ्यावर उन्हानं काढलेल्या रेघा आणि पायांच्या पोटऱ्या अशा, की लालासाहेबांनी नजर चटकन डब्यांकडं वळवली.

“तुमच्या पेटीत गूळ होता,” ते म्हणाले.

“व्हय. खिंडीच्या माथ्यावर खडा तोंडात टाकते. तिथली हवा लय ग्वाड लागती मग.”

“म्हणजे तुम्ही मान्य करता, की बॅटरी नव्हती?”

बनुबाईचा हात थांबला. “न्हाई. बॅटरी हुती. कुनीतरी चोरली. तसं ल्ह्या.”

“अहो, खरं सांगितलंत तर सायकल सुटेल! मोटार चालूच नव्हती म्हटल्यावर ती नुसती सायकल. सायकलीला कुठला परवाना?”

“आन् पोरगा?” ती म्हणाली. “ऋषिराजनं मोटार बसवताना शपत घातली हुती. आई, मोटारीशिवाय खिंड चडलीस आसं कळलं, की त्याच दिशी गाडी घिऊन येतो आन् पुण्याला न्हेतो. अकराव्या मजल्यावर ऱ्हातोय त्यो. ग्वाड पोरगा हाय, सून बी ग्वाड हाय. पर तिथं म्या काय करू? म्हैनाभर ऱ्हायले हुते. लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर. सायेब, तिथं चड न्हाई आन् उतार न्हाई.” तिनं डबा पालथा घातला. “खोटं ऱ्हायलं तर सायकल जाती. खरं झालं तर म्याच जाते. मग खोटंच बरं की. डबे चालत न्हीन.”

“बारा किलोमीटर?”

“दोन खेपा कराव्या लागतील,” ती विचार करत म्हणाली.

लालासाहेब पालथे डबे मोजू लागले. तेव्हा बनुबाईनं मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

“तुमी वळखलं न्हाई मला. साताऱ्याला तुमी परीक्षा घेत हुता, चुन्यानं आठचा आकडा काडून. म्या लुना घिऊन आलेवते. पंचवीसेक वर्सं झाली. लुना चालवनारी आमच्या गावची पयली बाई म्याच हुते. तुमी नापास केलं.”

“का?”

“पाय टेकला म्हून.”

हजारो माणसांना लालासाहेबांनी पाय टेकला म्हणून नापास केलं होतं. त्यांतलं एकही त्यांना कधी झोपेत दिसलं नव्हतं. आज रात्री दिसेल अशी त्यांना खात्री वाटली.

“पाच वाजता चौकीवर या,” ते म्हणाले. “आणि बाई, खोटं मला लिहिता येत नाही. चौतीस वर्षांत सवय झाली नाही.”

बनुबाईचा चेहरा विझला. तिनं पुढचा डबा ओढला.

६

पाच वाजता चौकीपुढं सगळे होते. वीरधवल आपल्या स्कूटरवर. रसूल आणि अख्तरबी एका टमटममध्ये, म्हातारीच्या मांडीवर तान्ह्या पोरासारखी बॅटरी. कोंडीबा, घामेजलेला. बनुबाई चिंचेखाली, पदर घट्ट. आणि नुकताच आपल्या गाडीतून उतरलेला ऋषिराज, पस्तिशीचा, गळ्यात ऑफिसची पट्टी तशीच.

“आई, बास झालं आता,” तो म्हणत होता. “पोलीस, चोरी, काय चाललंय हे? तुझी पिशवी भर, आजच निघू.”

“दोन मिनिटं,” लालासाहेब म्हणाले आणि पायरीवर चढले. या वेळी त्यांनी हात वर केला नाही.

“बॅटरी चोरीला गेली नाही. सायकल पकडली तेव्हाच पेटीत बॅटरी नव्हती. मोटारीच्या वायरीच्या टोकात कोळ्यानं जाळं विणलंय, आणि त्यात वाळलेले डास आहेत. एका रात्रीत एवढे डास कुठलाच कोळी जमवत नाही. हँडलवरच्या मुठीचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. आणि पायडल? पायडलचं रबर संपून लोखंड उघडं पडलंय, तेही झिजून गुळगुळीत झालंय. ही सायकल कित्येक महिने मोटारीवर चाललेली नाही.”

“पन पंचनामा!” वीरधवल ओरडला. “त्यात बॅटरीसह ल्ह्यलंय!”

“त्यात सायकल काळी आहे असंही लिहिलंय. कोंडीबा?”

कोंडीबा टोपीशी चाळा करत पुढं आला. “सायेब, चुकलं. दोन वर्सांमागं एक काळी बॅटरीची सायकल धरलीवती, त्येचा पंचनामा चांगला झालावता. कोर्टात बी चालला. म्हून आमी त्योच समोर ठिवून उतरवतो. नाव तेवडं बदलतो. पेटीला कुलूप दिसलं, म्हनलं आसंलच आत.”

“मग त्रेचाळीस कुठून आले?” ऋषिराजनं विचारलं.

“मोटार पंचवीसला सोडून देते,” लालासाहेब म्हणाले. “त्याच्या पुढचं जे काही असतं, ते मोटारीचं कधीच नसतं. इथं तर मोटार चालूच नव्हती. सगळे त्रेचाळीस,” आणि त्यांचा आवाज नकळत खाली गेला, “या बाईंच्या पायांचे आहेत.”

कुत्र्यानं डोळे उघडले.

“थापा!” वीरधवल म्हणाला. “माझी गाडी मागं टाकली तिनं!”

“हो, तुमचीही गाडी बघू.” लालासाहेबांनी तक्रारीचा कागद काढला. “तुम्ही तुमच्या सहीनं लिहिलंय, ‘मी माझ्या वाहनावरून ताशी चाळीसच्या वेगाने जात असता सदर महिला मला मागे टाकून गेली.’ तुमची गाडी पंचविसाच्या पुढं जातच नाही ना? मग वेग अडवणारी वायर कुणी तोडली? चाळीसनं जाणारी गाडी म्हणजे मोटार वाहन. परवाना दाखवा. नंबर दाखवा. विमा दाखवा.”

वीरधवलनं एक चष्मा काढला. मग दुसरा काढला. दाखवायला एवढंच होतं. संयोगितानं हात पुढं केला आणि त्यानं किल्ली दिली.

ऋषिराज मात्र आईकडं पाहत होता. “म्हणजे तू कित्येक महिने बिनमोटारीची खिंड चढतेयस? मला शब्द दिला होतास!”

“तिला नगं बोलू,” टमटममधून अख्तरबी म्हणाली. “माज्या दम्यासाटी दिली तिनं.”

“ते आदी,” बनुबाई खरेपणानं म्हणाली. “मागनं मला गोडीच लागली.”

“हे वय आहे का, आई? काही झालं असतं तर? चल, पिशवी भर.”

बनुबाई उठली. गावाकडं जायला वळली. तेव्हा लालासाहेब म्हणाले, “फौजदार, माझा तर्क झाला, पुरावा बाकी आहे. सायकल द्या त्यांना. बॅटरी आजींच्या मांडीवर राहू दे. पेटी उघडी ठेवा. आणि स्पीडगन लावा.”

बनुबाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. मग कासोटा खोचला. सायकल तिनं अशी ओढून घेतली, जसं हरवलेलं वासरू दाव्याला धरून न्यावं. जाळीत बावीस डबे चढवले, रिकामे का होईना. अख्तरबीला बॅटरीसकट चिंचेखाली बसवून रसूलनं टमटम काढली आणि तो बनुबाईच्या मागोमाग माथ्यापर्यंत गेला.

बाकीचे पायथ्याला थांबले. अर्धा तास गेला. उन्हं तिरपी झाली. ऋषिराज दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

लालासाहेबांना खिंड दिसत नव्हतीच. त्यांना आधी ऐकू आलं. खूप वरून, एक खळखळ. देवळातल्या सगळ्या घंटा कुणी पोत्यात भरून उतारावरून सोडाव्यात तशी. ती वळणाआड बुडाली, पुन्हा वर आली, मोठी झाली. “आली!” कोंडीबा म्हणाला. “गड्या, आली!” लालासाहेबांच्या डोळ्यांपुढं एक हिरवा डाग उगवला. तो सायकल होईपर्यंत ती पुढ्यात होती. उतार संपला होता, सपाटी लागली होती, आणि ते दोन पाय थांबले नव्हते. वर खाली, वर खाली, शिवणयंत्राच्या सुईसारखे दिसेनासे झाले होते. चिंचेची पानं रस्त्यावरून उठली, कुत्रं उभं राहिलं, आणि ती गेली. मग डब्यांचा आवाज गेला.

संयोगितानं स्पीडगन वळवून सगळ्यांना दाखवली. चव्वेचाळीस.

रस्त्यावर इतकं शांत झालं, की जाळीतल्या एका सैल झाकणाचं थरथरणं लांबून ऐकू येत राहिलं. वीरधवलनं हळूच टाळी वाजवली, मग आपण कोण आहोत हे आठवून थांबवली. अख्तरबीनं एक दुआ पुटपुटून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. ऋषिराजनं गळ्यातली ऑफिसची पट्टी काढून खिशात कोंबली. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याला लपवताही येत नव्हते.

“लहान होतो तेव्हा,” तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला, “शाळेत सोडायला मला पुढच्या दांडीवर बसवायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया एवढ्याच जोरात चालवतात.”

बनुबाई वळून आली. सावकाश, पाय न टेकता, चौकीपुढच्या धुळीत तिनं एक वळसा घेतला, मग उलट्या बाजूनं दुसरा. धुळीत आठचा आकडा स्वच्छ उमटला. मग ती उतरली.

लालासाहेब त्या आकड्याजवळ गेले, खाली वाकले, भिंग काढलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. कुठंही पाय टेकल्याची खूण नव्हती.

“पास,” ते म्हणाले.

“लय उशीर केला, सायेब,” बनुबाई म्हणाली.

“आई,” ऋषिराज म्हणाला, “ती पिशवी राहू दे. पण रोज माथ्यावर पोचलीस की मला एक फोन करायचा. गूळ खाता खाता.”

बनुबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच हातानं घाम पुसला.

खिंडीवरून जाणारी शेवटची एसटी केव्हाच गेली होती. संयोगिता वीरधवलच्या स्कूटरचा पंचनामा लिहून घेत होती आणि कोंडीबाला या वेळी रंग खरोखर बघायला लावत होती. जीपला वेळ होता. लालासाहेबांनी टोपी हातात घेतली, आणि आयुष्यात प्रथमच परवान्याविषयी काहीही न विचारता एका वाहनापुढं उभे राहिले.

“बनुबाई, कॅरियर मोकळं होईल का? लोणंद स्टँडपर्यंत सोडाल?”

“सोडते की. तेवड्यात काय,” बनुबाई म्हणाली. तिनं मागच्या चाकाला अंगठा लावला. अंगठा आत गेला. “पर आदी चौकीतला पंप आना, आन् ह्यात तेवडी हवा भरून द्या. चार दिस झालं, निम्मीच हाय.”